आडव्याला कॉस, उभ्याला साइन

—हो हो, घर हेच, पत्ता चुकला नाही तुमचा, जरा लवकर आलात एवढंच. या. बूट तिथंच असू द्या. बसा मास्तर — मला 'सर म्हणा' असं बजावून ठेवलंय, पण तोंडात मास्तरच येतं, चालेल ना? चालतंय. बरं. तुम्ही सिद्धेश ना, नागपूरचे? वीणानं सांगितलं होतं — वीणा म्हणजे माझी सून, नेत्राची आई — की इथल्या युनिव्हर्सिटीत फिजिक्सचंच मोठं काहीतरी करताय आणि आता दर शनिवारी येऊन नेत्राला शिकवणार. ती वर आहे, पोहून आली आत्ताच, केस वाळवतीय. राजीव आणि वीणा भाजीला गेलेत. आणि खरं सांगू का, ते दोघं घरात नाहीत तेच बरं झालं, कारण मला तुम्हाला एक विचारायचं होतं आणि त्यांच्यादेखत मी विचारलं नसतं. तुम्ही तिला शिकवाल तेव्हा मी इथं बसलो तर चालेल का? अगदी टेबलापाशी नाही, तिकडं बसेन, जिन्याजवळ. बोलणार नाही. खोकला आला तर मागच्या अंगणात जाऊन खोकून येईन. तुमची हरकत नाही असं तुम्ही राजीवला सांगितलंत तर तो ऐकेल — माझं नाही ऐकणार, तुमचं ऐकेल.

—नाही, लगेच हो म्हणू नका, आधी ऐकून घ्या. कारण राजीवनं मला स्पष्ट सांगितलंय, 'बाबा, सर आले की तुम्ही वर जाऊन बसा, तिला डिस्टर्ब होतं.' वर म्हणजे माझ्या खोलीत. खोली चांगली आहे, नाव ठेवणार नाही. खिडकीतून शेजाऱ्यांची कचऱ्याची पिंपं दिसतात, एक निळं, एक हिरवं, मंगळवारी गाडी येऊन ती उचलून आपटते, तेवढाच आठवड्यातला सोहळा. पण दिवसभर मी वरच असतो की, मास्तर. सकाळी सगळी निघून जातात. दाराच्या घंटीला डोळा बसवलाय, बघितलात ना येताना? मी दार उघडून बाहेर पाय टाकला की तिकडं ऑफिसात राजीवला समजतं, आणि मग घंटीतून आवाज येतो — 'बाबा, टोपी घातली का?' मी घंटीला सांगतो, घातली रे. मुलगा माझ्याशी घंटीतून बोलतो, आणि संध्याकाळी घरात आला की कानात बोंडं घालून दुसऱ्याशीच बोलत असतो. तळ्याकाठी बाकावर आमच्यासारखी चार-पाच म्हातारी जमतात, एक तेलुगू, एक गुजराती, एक लखनौचे — तिथं गुडघे आणि गोळ्या, गोळ्या आणि गुडघे. मोडक्या हिंदीत किती वेळ गुडघे सांगणार? म्हणून म्हणतो, हे टेबल. संध्याकाळी नेत्रा इथं अभ्यासाला बसते तेव्हा मी शेजारी बसतो — बसायचो. सप्टेंबरपासून बसत होतो. आता तीन आठवडे झाले, बंद आहे.

तुम्ही म्हणाल, शाळा न शिकलेला माणूस अभ्यासाला बसून काय करणार? बरोबर आहे. मी इचलकरंजीचा, राजाराम माझं नाव. शाळेत गेलो असेन थोडे दिवस, तेही मास्तरांच्या म्हशीला पाणी पाजायला. आकडे तेवढे वाचता येतात, कारण जन्म सगळा मागावर गेला आणि मागावर कापड किती झालं ते बघावं लागतं. यंत्रमागाची खोली कधी बघितलीय का? आठ-दहा माग एकदम चालू असतात, शेजारच्याला 'पाणी दे' म्हणायचं तरी ओरडावं लागतं. आमच्या गल्लीतली माणसं भांडत नसली तरी ओरडूनच बोलतात. राजीव शाळेतून सुटला की माझ्याकडं यायचा, माग आणि भिंत यांच्यामध्ये पोत्यावर बसायचा, आणि मी सांगायचो — म्हण. मोठ्यानं म्हण, मला ऐकू आलं पाहिजे. पोरगं मागाच्या वरताण ओरडून पाढे म्हणायचं. मग पुढं पाढ्यांचं गणित झालं, गणिताचं विज्ञान झालं, तरी माझं आपलं तेच — आता हे काय आहे ते मला सांग. तो म्हणायचा, 'बाबा, तुम्हाला नाही कळणार.' मी म्हणायचो, अरे, कळत नाही म्हणून तर सांगायला लावतोय, कळत असतं तर मीच नसतो का शिकवलं तुला? मला कळेपर्यंत उठायचं नाही, अशी अट. आणि मला लवकर कळायचं नाही, मास्तर. कधी मुद्दाम, पुष्कळदा खरंच. तो चिडायचा, पुन्हा सांगायचा, पुन्हा चिडायचा — आणि त्या पुन्हा-पुन्हामध्ये त्याचं पक्कं होऊन जायचं. त्याला शिकवणी लावली नाही कधी, ऐपतच नव्हती, ते जाऊ दे. अजून मीटिंगमध्ये बोलताना घर डोक्यावर घेतो. वीणा म्हणते, 'अहो, माइक आहे, ओरडू नका.' ही सवय कुठली ते त्याला कुणी विचारत नाही.

नाही, विचारलं होतं एकदा. म्हणजे सवयीचं नाही, शिक्षणाचं. मागच्या दिवाळीत याच खोलीत पाहुणे जमले होते, सगळी राजीवच्या ऑफिसातली, पुण्याची, मुंबईची. कोण कुठल्या क्लासला होतं, कुठल्या सरांनी कसं घडवलं, असं चाललं होतं. कुणीतरी राजीवला विचारलं, तू कुठं होतास? तो म्हणाला, 'आमच्या गावात कसले क्लास यार, सेल्फ-स्टडी. कंप्लीट सेल्फ-स्टडी.' मी तिथंच उभा होतो, हातात चकल्यांची ताटली. सेल्फ म्हणजे स्वतः ना, मास्तर? हां. मलाही तसंच वाटलं, पण म्हणलं खात्री करून घ्यावी. मी ताटली पुढं केली, त्यानं एक चकली घेतली, 'थँक्स बाबा' म्हणाला. लबाडी नव्हती त्यात. त्याला खरंच तसं वाटतं. तेच जास्त लागलं, बघा.

तर नेत्रा. मी इथं आलो रत्ना गेल्यावर — माझी बायको. तेव्हा ही पोरगी शाळेतून यायची, 'हाय आजोबा' म्हणायची आणि वर जायची. वाईट नाही वागायची, पण बोलणार काय? तिला मराठी बेताचं, मला इंग्रजी नाही. सप्टेंबरात एक दिवस इथं बसून तोंड पाडून घेतलेलं. म्हणलं, काय झालं? म्हणाली, 'फिजिक्स.' म्हणलं, मला सांग. तर म्हणते, 'आजोबा, यू वोन्ट गेट इट.' मास्तर, मला इतकं बरं वाटलं! अगदी बापासारखं बोलली, शब्द तेवढे इंग्रजी. मी म्हणलं, मला कळत नाही म्हणून तर मला सांग.  मग तिनं वही माझ्याकडं सरकवली आणि सांगायला लागली — एक मुलगा बर्फावरून घसरगाडी ओढतोय, दोरीनं. 'आजोबा, दोरी असा स्लँट आहे ना, सो थोडा ओढ पुढे जाते, थोडा ओढ वर जाते. मला फाइंड आउट करायचंय किती पुढे, किती वर.' तीस अंशाची दोरी, पन्नासाची ओढ. पन्नास काय? तर न्यूटन. तो कोण? तर तो माणूस होता, आता माप आहे. बरं म्हणलं. माणसाचं माप होतं, ऐकून होतो, पण इतकं खरं खरं होत असेल असं वाटलं नव्हतं.

तिनं कॅल्क्युलेटर दाबला, आली उत्तरं — पुढं त्रेचाळीस आणि वर पंचवीस. मी म्हणलं, थांब. पन्नासाचे दोन भाग केलेस ना? मग त्रेचाळीस आणि पंचवीस कसे? हे तर अडुसष्ट झाले. मी जन्मभर कापड मोजलंय, पन्नास मीटरचं ठाण फाडलं आणि दोन तुकडे मिळून अडुसष्ट भरलं असं कधी झालं नाही, झालं असतं तर मालकानं चौकात माझा पुतळा बसवला असता. अशी हसली मास्तर, खुर्चीवरून पडायची बाकी होती. मग तिनं समजावलं — सरळ मिळवायचं नाही, प्रत्येकाला त्याच्याशीच गुणायचं आणि मग मिळवायचं. त्रेचाळीस आणि पॉइंटनंतर जे काय होतं ते, त्याला त्याच्याशी, पंचवीसला पंचवीसनं, मिळवलं, तर पन्नासाला पन्नासनं गुणल्यावर येतं तेच आलं. बरोबर जुळलं. मला पटलं नाही, पण जुळलं. मी तिला तसंच म्हणलं, आणि ती पुन्हा हसली. त्या दिवशी ती वर गेलीच नाही, जेवणाची वेळ होईतो इथं होती. वीणा आली तर आम्ही दोघं दोरी कशी कलली म्हणजे घसरगाडी उचलली जाईल ते हातवारे करून भांडत होतो.

मग रोजच. विमान, होडी, भिंतीला टेकलेली शिडी, फेकलेला चेंडू — काय काय फेकतात हो त्या पुस्तकात! ती एक्स म्हणायची, वाय म्हणायची, आणि माझ्या ते लक्षात राहीना, म्हणून मी नावं ठेवली. आमच्या कामात दोनच धागे असतात, उभा आणि आडवा. म्हणलं, हा तुझा एक्स म्हणजे आडवा, वाय म्हणजे उभा. तिला ते आवडलं, आडवा हा शब्द तिला गमतीचा वाटायचा, 'आडवा-आडवा' करत फिरायची. आणि मग मी तिला तो पाढा करून दिला. हो, मीच. तिचं एकदा साइन आणि कॉस उलटसुलट झालं होतं. म्हणलं, तू म्हणत नाहीस मोठ्यानं, म्हणून चुकतंय. पाठ केलं की चुकत नाही. टेबलावर असा हात वाजवायचा आणि बे एके बेच्या चालीवर म्हणायचं — आडव्याला कॉस, उभ्याला साइन. आडव्याला कॉस, उभ्याला साइन. घसरगाडीला लावून बघितलं, बरोबर. होडीला लावलं, बरोबर. शिडीला बरोबर. पोरगी ब्रश करताना म्हणायची ते. गाडीत म्हणायची. मी वर खोलीत असलो तरी खालून ऐकू यायचं, आणि मला तेव्हा काय वाटायचं ते सोडा. घरात पुन्हा कुणीतरी मोठ्यानं म्हणतंय, एवढंच.

मग ती परीक्षा. तुम्हाला पेपर पाठवलाय ना राजीवनं? मग तुम्ही बघितलंच असेल. विमान उत्तरेला चाललेलं, तीस अंश पूर्वेकडं कललेलं, आणि हिनं पूर्वेला कॉस लावला. आडवं ना ते? आडव्याला कॉस. लावला. मग त्याच्या खालचे सगळे भाग त्याच आकड्यांवर, ते सगळे गेले. सी मिळाला. या घरात सी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. राजीव इथं उभा होता, या ओट्यापाशी, आणि मला म्हणाला — हसत म्हणाला, म्हणजे आधी हसत — 'बाबा, विमान इथून न्यूयॉर्कला चाललं होतं, तुमच्या पाढ्यानं समुद्रात पाडलं.' मी पण हसलो. मला वाटलं चेष्टा आहे. मग चेष्टा संपली. 'हे तिचं ज्युनिअर इयर आहे, अकरावी. कॉलेजवाले हेच मार्क बघतात. हे इचलकरंजी नाही, बाबा. इथं घोकून चालत नाही, इथं समजावं लागतं.' मी म्हणलं, तुला नव्हतं का समजलं तसंच? तर म्हणाला, 'मला जे समजलं ते माझं मला समजलं.' नेत्रा तिथंच होती, फ्रिजला टेकून, काही बोलली नाही. पोर काय बोलणार, बापापुढं?

—वीणा? ती मध्ये पडली. ती तशी चांगली आहे, मला तोडून बोलत नाही कधी. पण त्या दिवशी तिच्या तोंडून निसटलं. राजीव म्हणत होता की मी बसतो म्हणून तिचा वेळ जातो, तर ही माझी बाजू घ्यायला म्हणून म्हणाली, 'वेळ कुठं जातो, ती सगळा होमवर्क शाळेतच करून टाकते, सबमिट करून मग घरी येते. बाबांच्या बरोबर नुसतं परत करते.' नुसतं परत करते. म्हणजे बघा मास्तर — ती घसरगाडी आधीच ओढून झाली होती. शिडी, होडी, सगळं शाळेत झालेलं. आणि मी इथं कपाळाला आठ्या घालून विचारतोय, मग पुढं काय झालं, किती आलं उत्तर? आणि ती विचार केल्यासारखं करतीय, पेन्सिल चावतीय. किती दिवस चाललं होतं हे? मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी तरी खरंच अडलं होतं तिला, असं मी धरून चालतो. तेवढं मी धरून चालतो.

—तुम्ही म्हणता माया होती म्हणून. असेल. माया असेलच. पण मायेनं खेळवलेलं कळलं की माणसाला काय वाटतं, ते तुम्हाला आत्ता नाही कळायचं, केस काळे आहेत तुमचे.

मला एक सांगा, तुम्ही आलाच आहात तर. तो पाढा घसरगाडीला चालला, होडीला चालला, मग विमानाला का नाही चालला? राजीवनं सांगितलं नाही, 'तुम्हाला काय करायचंय' म्हणाला. काढून दाखवा, हा घ्या कागद, मागं कोरा आहे. हां, ही उत्तर, वर. हे विमान, असं कललं. हा तीस अंश — तो कुठून मोजला? उभ्या रेघेपासून. बरं. आणि घसरगाडीचा आडव्या रेघेपासून, जमिनीपासून. मग? — थांबा, सावकाश सांगा. कोन ज्या रेघेला लागून आहे, त्या रेघेला कॉस. दुसरीला साइन. आडवं-उभं बघायचंच नाही. कोन कुणाला लागून आहे ते बघायचं. म्हणजे उभ्याला कधी कॉस येतो, कधी साइन येतो. हं. आमच्या ठाणात तसं होत नाही, ठाण कसंही फिरवा, उभा धागा उभाच राहतो, त्याचं नाव बदलत नाही. मी त्याच हिशेबानं चाललो. तुमच्याकडं कोनावर आहे. कोन कुठून मोजला त्यावर आहे.

हेच म्हणत होती ती.

—नाही, काही नाही. हेच शब्द. 'आजोबा, इट डिपेंड्स.' विमानाचं गणित होतं तेव्हा, परीक्षेच्या आधी, इथंच. 'अँगल कुठून मेजर केला त्यावर डिपेंड असते.' असं म्हणाली ती, आणि हाच असा कागद घेतला होता तिनं, अशीच रेघ काढली होती. आणि मी म्हणलं, पाढ्यात डिपेंड असतं का? बे एके बे कुठून मोजलं त्यावर असतं का? पाठ केलंय ते म्हण. ती म्हणाली, 'बट आजोबा—' आणि मी टेबलावर हात वाजवायला लागलो. हसत वाजवला, रागानं नाही, मी रागावत नाही कधी कुणावर.  मग तिनं रेघ खोडली आणि म्हणाली — आडव्याला कॉस, उभ्याला साइन. माझ्याबरोबर म्हणाली. तीन-चारदा म्हणून घेतलं मी.

हे राजीवला सांगू नका. नाही, मी लपवतोय असं नाही... लपवतोयच. तो म्हणतो पाढ्यानं घोटाळा झाला. पाढा चुकीचा होता, तेवढं त्याला माहीत आहे. तिला बरोबर येत होतं आणि माझं मन राखायला तिनं चुकीचं म्हणून दाखवलं, हे त्याला माहीत नाही. परीक्षेत बसल्यावर हातानं काय लिहायचं ते हातालाच कळंना झालं असणार पोरीच्या. आणि तिनंही सांगितलं नाही बघा बापाला, फ्रिजला टेकून उभी होती, एक शब्द बोलली नाही. वाचवलं मला. मी आपला म्हणतोय, पोर बापापुढं काय बोलणार.

—काय म्हणालात? तीच नको म्हणाली का? कुणाला, मला? नाही हो. राजीवच म्हणाला, डिस्टर्ब होतं म्हणून. ती कशाला म्हणेल? म्हणजे त्याच्या बोलण्यात आलं होतं एकदा, की गाडीत नेत्रा म्हणाली, 'आय कान्ट डू इट विथ हिम देअर' — पण ते तो आपल्या सोयीनं सांगतो, आपलं म्हणणं पोरीच्या तोंडी घालतो, त्याची जुनी खोड आहे. नेत्रानं मला स्वतः काही सांगितलेलं नाही. आता शाळेतून येते, 'हाय आजोबा' म्हणते आणि वर जाते. पण ते परीक्षा आहेत म्हणून. मी तिला विचारलं नाही, ते खरं. तुम्हीच सांगा, विचारायचं कसं? तू मला नुसतं खेळवत होतीस का, असं विचारू? की आता तेवढंही करणार नाहीस का, असं विचारू? म्हणून तर मी तुम्हाला विचारतोय. तुम्ही हो म्हणालात की विचारायचा प्रश्नच येत नाही. मी आपला जिन्यापाशी बसेन, तुम्ही दोघं बोलाल, ती कधी अडली तर तुम्हाला सांगेल, आणि मला ऐकू येईल एवढंच. कळावं असंही नाही आता.

तुमची हरकत नाही ना? नक्की? मोकळ्या मनानं म्हणताय? मग झालं तर. देव तुमचं भलं करो, मास्तर. — पण तिला विचारा असं म्हणताय. तिला कशाला... बरं. बरं, विचारू. न्यायाचं बोललात, अभ्यास तिचा आहे.

आलीच बघा. ये, ये बाळ. हे तुझे सर, नागपूरचे, मराठीच आहेत. मी आपला दार उघडायला खाली आलो होतो. आमचं बोलणं चाललं होतं, विमानाचं — सरांनी मला समजावलं, मला कळलं आता, तू सांगत होतीस ते बरोबर होतं, कोनावर असतं ते. सर म्हणतात, मी इथं बसलो तर त्यांना चालेल. म्हणालात ना, मास्तर? तू सांग, बसू? तिकडं जिन्यापाशी. बोलणार नाही अजिबात, पाढे नाहीत, काही नाही. सांग की. सरांकडं बघून नको बाळ, मला सांग. मराठी सुचत नसेल तर कशातही—

हां.

मास्तर, तुम्ही कशाला मान खाली घालताय? प्लीज म्हणाली की ती, रागानं नाही बोलली. तेवढं इंग्रजी कळतं मला. चला, करा सुरू. मी जातो वर.